खटल्याचा खेळ आणि आपला आवाज

झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो, तेव्हा जमावाचे शब्द आपण सारे उच्चारतो. ख्रिस्ताला क्रुसावर द्या, अशी मागणी आपल्याच तोंडून होते. श्रोत्याला पात्र करणारी ही कला ख्रिस्तसभेने फार पूर्वीच जाणली. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) पुन्हा वाचताना आम्हांला तो आवाज आठवला.

वेळ घालवण्यासाठी एक नाटकमंडळी खोटा खटला रचते. आरोपी लीला बेणारे ही अविवाहित शिक्षिका, आरोप भ्रूणहत्येचा. खेळ सुरू होतो तेव्हा प्रेक्षकही हसतो. ते हसणे हाच त्याचा सहभाग. हळूहळू तिचे खाजगी दुःख चव्हाट्यावर येते आणि न्यायाधीश काशीकर तिच्या उदरातील गर्भ नष्ट करण्याचे फर्मावतात. ज्या पापाचा आरोप, तेच पाप शिक्षा म्हणून! जीवनाचे पावित्र्य मानणाऱ्या वाचकाने येथे थांबावे. या न्यायालयाला जीवाची चाड नाही, केवळ लौकिकाची आहे. प्राध्यापक दामले तर तेथे हजरही नाहीत.

ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल यांच्या ‘फोरम थिएटर’मध्ये प्रेक्षक प्रयोग थांबवून पात्राची जागा घेऊ शकतो. कागल पंचतारांकित एमआयडीसीतील एखाद्या कारखान्याच्या कँटीनमध्ये हे नाटक त्या रीतीने झाले, तर काशीकरांना थांबवायला कोण उठेल?  दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला त्याच माणसांशेजारी उभे राहायचे असते. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’वर सेन्सॉरची कात्री चालली, तेव्हा कमलाकर सारंग न्यायालयात गेले आणि जिंकले. ‘लोक काय म्हणतील’ या कात्रीविरुद्ध दाद कोठे मागावी?

बेणारेचे अखेरचे दीर्घ स्वगत चालू असताना इतर पात्रे निश्चल असतात. ते केवळ प्रेक्षकाला ऐकू येते. आरोप करणाऱ्यांची यात सुटका होते, हे आम्हांला प्रथम नाटकाचे उणे वाटले. आता वाटते, तेंडुलकरांनी साक्षीदार म्हणून आपल्यालाच निवडले आहे. गावचा सामंत भला माणूस. तो तिच्यापाशी हिरवा कापडी पोपट ठेवतो, पण भर खटल्यात तिच्या बाजूने ठामपणे उभा राहत नाही.

धर्मग्रामात एखाद्या मुलीविषयी कुजबुज होते, तेव्हा आपल्यापैकी बहुतेक जण काशीकर नसतात. सामंत मात्र असतात.