‘मस्कट म्हणजे गोड वाइन’ : हे विधान कुठे फसतं?

हे वाक्य वाइनवरच्या लेखांत तुम्हाला हमखास भेटेल. संशोधनाच्या चाळणीतून ते घालून बघा.

मुळात मस्कट हे द्राक्षांचं अख्खं कुटुंब आहे. ‘मस्कट ऑफ अलेक्झांड्रिया’ ही बारीक मण्यांच्या पांढऱ्या मस्कटची संतती, हे डीएनए चाचण्यांतून दिसलंय. सगळ्यांत समान काय? लिनालूल, जेरॅनिऑल अशा टर्पीनांचा सुगंध. पण सुगंध म्हणजे साखर नव्हे.

आता एकच जात घ्या, बारीक मण्यांची पांढरी मस्कट. इटलीत ‘मोस्कातो दास्ती’ करताना रस थंड करून किण्वन मध्येच थांबवतात. साखर उरते, अल्कोहोल ५ टक्क्यांच्या आसपास राहतं. फ्रान्समधल्या बोम-द-व्हनीजला मद्यार्क घालून थांबवतात. तिथे अल्कोहोल १५ टक्के. अल्सासमध्ये मात्र याच द्राक्षाची ड्राय वाइनही होते, कारण साखर जवळपास संपेपर्यंत किण्वन चालू देतात.

म्हणजे वर्णन प्रक्रियेचं आणि श्रेय द्राक्षाला! तुमच्या प्रबंधात नुसतं ‘मस्कट वाइन’ लिहू नका. जात कोणती, किण्वन कधी आणि कसं थांबवलं, हे नोंदवा. नाहीतर दिसलेला फरक द्राक्षाचा की प्रक्रियेचा, असं परीक्षकांनी विचारलं तर काय सांगाल?