पीएच.डी. संशोधनाचे नियोजन : नियमावलीतील काळ आणि अध्यापक-संशोधकाचा काळ

प्रस्तावना

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९, २०१६ आणि २०२२ या तीन वर्षी पीएच.डी. पदवीची किमान मानके व कार्यपद्धती ठरविणारी नियमावली प्रसिद्ध केली. प्रवेश परीक्षा, अभ्यासक्रम कार्य, मार्गदर्शकाकडील विद्यार्थिसंख्या, सल्लागार समिती आणि प्रबंधाचे मूल्यमापन या बाबींत त्यामुळे एकसूत्रता आली. तथापि नोंदणी वेळेत होऊनही प्रबंध वेळेत पूर्ण होत नाही, हा वरिष्ठ महाविद्यालयांतील अध्यापकांच्या परिचयाचा अनुभव आहे. त्याचे खापर बहुधा संशोधकाच्या आळसावर फोडले जाते. या नियमावलीत संशोधकाच्या मुदतीचे नियोजन आहे, संशोधनाच्या कामाचे मात्र नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

नियमावलीची चौकट

२०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.साठी किमान तीन व कमाल सहा वर्षे आहेत. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला व दिव्यांग संशोधकांना त्याहून दोन वर्षांची अधिक सवलत आहे. किमान बारा श्रेयांकांचे अभ्यासक्रम कार्य आवश्यक असून प्रत्येक सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. प्रबंध सादर झाल्यावर मौखिक परीक्षेसह मूल्यमापन सहा महिन्यांत पूर्ण करण्याचे बंधन विद्यापीठावर आहे.

संशोधकावर आणि विद्यापीठावर कालमर्यादा आहे. मात्र लिहिलेले प्रकरण मार्गदर्शकाने किती दिवसांत वाचून परत करावे, याविषयी नियमावली मौन बाळगते. प्रत्यक्षात सर्वाधिक काळ येथेच जातो. मार्गदर्शकही अध्यापन, परीक्षा आणि प्रशासन यांत गुंतलेला असतो. त्यामुळे हा प्रश्न व्यक्तींच्या सौजन्यावर सोपवून भागणार नाही.

ना हरकत प्रमाणपत्र आणि वेळेचा हिशेब

नोकरी सांभाळून अंशकालीन पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यास नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र जोडावे लागते. कार्यालयीन कामाच्या स्वरूपामुळे उमेदवारास संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळू शकतो, असे त्यात नमूद करावयाचे असते. ‘पुरेसा’ म्हणजे किती, हे कोणी विचारत नाही. प्राचार्य सही करतात, विद्यापीठ कागद दाखल करून घेते आणि अध्यापकाचे वेळापत्रक पूर्वीचेच राहते.

आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने सहायक प्राध्यापकासाठी वर्षातील तीस कार्य-आठवडे, आठवड्यास किमान चाळीस तासांचा कार्यभार व त्यात सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन ठरविले. उरलेल्या चोवीस तासांत पाठांची तयारी, उत्तरपत्रिका, प्रवेश, समित्या आणि नॅकची कागदपत्रे बसवावी लागतात. त्यातून संशोधनाला सलग वेळ क्वचितच मिळतो.

नाहूरला राहणाऱ्या आणि जवळच्या महाविद्यालयात शिकविणाऱ्या अध्यापकाचे उदाहरण घेतल्यास ही अडचण स्पष्ट होते. नाहूरला धिम्या लोकल थांबतात. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील ग्रंथालयात जाण्यासाठी कुर्ल्याला उतरून पुढे बस वा रिक्षा करावी लागते. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय किंवा राज्य पुराभिलेखागार पाहावयाचे तर फोर्ट गाठावे लागते. पुराभिलेखागार कामकाजाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेतच वापरता येते, आणि नेमक्या त्याच वेळी अध्यापक वर्गावर असतो. म्हणजे साधने उपलब्ध असूनही ती त्याच्या हाती येत नाहीत. सल्लागार समितीच्या बैठकीत या गोष्टीची नोंद होण्याची तरतूद नाही.

विषयनिश्चिती : नियोजनाचा खरा आरंभ

म्हणूनच नियोजन तक्त्यापासून नव्हे, तर विषयापासून सुरू होते. ‘मुंबईच्या पूर्व उपनगरांतील औद्योगिक परिवर्तन’ हे शीर्षक संशोधन आराखड्यात भारदस्त दिसते. परंतु त्याला भूगोल, काळ आणि साधने यांची सीमा नाही. असा विषय घेणारा संशोधक तिसऱ्या वर्षीही साहित्याच्या आढाव्यातच अडकलेला असतो.

त्याऐवजी मुलुंड-नाहूर-भांडुप पट्ट्यात लाल बहादूर शास्त्री मार्गालगतच्या कारखान्यांच्या जागी मॉल व निवासी मनोरे कसे आले, एवढाच प्रश्न घेतल्यास कामाला आकार येतो. महापालिकेचे १९६७ व १९९१ चे विकास आराखडे, २०३४ पर्यंतचा आराखडा, नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका, जनगणनेची आकडेवारी आणि जुन्या कामगारांच्या मुलाखती ही साधने आधीच मोजता येतात. कोणते साधन कोठे आहे, ते कोणत्या वेळी पाहता येते, परवानगीस किती काळ लागतो, याची यादी झाली की वर्षांचे वाटप त्यातून आपोआप निघते. विषय लहान केल्याने प्रबंध लहान होत नाही. त्यातील विधानांना पुराव्याचे बळ मिळते.

डॉ. आंबेडकरांचे प्रबंध : नियोजनाच्या दृष्टीने

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संशोधनाचा दाखला प्रेरणेसाठी पुष्कळदा दिला जातो. परंतु नियोजनाच्या अंगाने तो क्वचितच तपासला जातो. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले व १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले. पुढे स्वतःची बचत, मित्राकडील कर्ज व शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या आधारे ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले.

यातून तीन गोष्टी दिसतात. पहिली, खंड पडूनही काम तुटले नाही, कारण विषयांचे क्षेत्र एकच होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण हा १९२१ च्या एम.एस्सी. प्रबंधाचा विषय होता, आणि १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथही त्याच क्षेत्रातला आहे. दुसरी, रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध १९२२ मध्ये सादर झाला तरी परीक्षकांच्या आक्षेपांमुळे त्यात फेरफार करावे लागले आणि पदवी १९२३ मध्ये मिळाली. सादरीकरणानंतरचे पुनर्लेखन हा संशोधनाचाच टप्पा असतो, हे यावरून कळते. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी छापील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेदही नोंदविले. मार्गदर्शनासाठी निष्कर्षांशी सहमत असणे आवश्यक नसते, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सिडनहॅममधील नोकरी सांभाळून लंडनचा अभ्यास पुरा झाला नाही. त्यासाठी नोकरी सोडावी लागली. तेव्हा ‘बाबासाहेबांनी केले, मग तुम्हाला का जमत नाही’ हा व्यासपीठावरील प्रश्न त्यांच्याच चरित्राला धरून नाही. एवढ्या असामान्य बुद्धिमत्तेलाही सलग वेळ लागला, हाच त्या चरित्राचा बोध आहे.

एम.फिल.ची पोकळी

२०२२ च्या नियमावलीने एम.फिल. अभ्यासक्रम बंद केला. या पदवीचे शैक्षणिक मूल्य वादग्रस्त असेल. पण एक छोटा प्रबंध आरंभापासून अखेरपर्यंत नेण्याची तालीम तीत होत असे. विषय किती आवाक्यात येतो, संदर्भनोंदी कशा ठेवाव्यात, लिखाणास किती काळ लागतो, हे संशोधक तेथे शिकत असे. अभ्यासक्रम कार्यातील संशोधन पद्धतीच्या लेखी परीक्षेने ही पोकळी भरून निघत नाही.

समारोप

नियमावलीस पूरक अशा काही गोष्टी महाविद्यालये व संशोधन केंद्रे स्वतःच्या पातळीवर करू शकतात. ना हरकत प्रमाणपत्रासोबत संशोधनासाठी मोकळा ठेवलेला दिवस वेळापत्रकात दाखवावा. पहिल्या दोन सत्रांत सल्लागार समितीने साधनांची यादी तपासावी. अभ्यासक्रम कार्यात एक लघुप्रबंध असावा. मार्गदर्शकाने प्रकरण परत करण्याची मुदत आराखड्यातच लिहावी. अखेरच्या लेखनासाठी एका सत्राची रजा व बदली अध्यापक मिळावा. पंचवार्षिक योजनांच्या काळात आयोगाच्या एफ.आय.पी. योजनेतून रजा व बदली अध्यापक या दोन्ही गोष्टी मिळत असत. बारावी योजना २०१७ मध्ये संपली. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला तर रजेचाच हक्क नाही, आणि नोकरीच्या शाश्वतीसाठी पीएच.डी.ची निकड त्यालाच सर्वाधिक भासते.

२०२३ च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट पुरेशी ठरली असली, तरी २०१८ च्या नियमावलीने सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य केली आहे. पदवीवर पदोन्नती अवलंबून ठेवणाऱ्या व्यवस्थेने त्या पदवीसाठी लागणाऱ्या वेळेचीही जबाबदारी घेतली पाहिजे. अन्यथा मुदतीत सादर झालेले प्रबंध वाढतील. त्यांतील संशोधन मात्र वाढेलच असे नाही.