पायाची ठेवण आणि तोल : एका संशोधनपद्धतीचे परीक्षण

पायाच्या ठेवणीचा शरीराच्या तोलाशी आणि शारीरिक कर्तृत्वाशी काय संबंध आहे, हा प्रश्न शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांस नवा नाही. ज्याचा तळवा जमिनीस सपाट टेकतो तो धावण्यास व उड्या मारण्यास उणा, असा समज लोकांत रूढ आहे. आणि त्यास शास्त्राचा पाठिंबा असावा, असेही सहसा गृहीत धरले जाते. बीडसारख्या जिल्ह्यात, जेथे सैन्यात भरती होणे हा पुष्कळ तरुणांच्या उपजीविकेचा मार्ग आहे, तेथे हा समज केवळ ग्रंथांत राहत नाही. म्हणून हा संबंध ज्या पद्धतीने तपासला जातो, त्या पद्धतीचेच परीक्षण करणे अगत्याचे आहे.

या विषयावरील बऱ्याच प्रबंधांची घडण सारखीच असते. शे-सव्वाशे विद्यार्थी निवडावयाचे, त्यांच्या पायाची ठेवण मोजावयाची, त्यांस एका पायावर उभे करून तोल पाहावयाचा आणि दोन्ही आकड्यांचा सहसंबंध काढावयाचा. ठेवण मोजण्यासाठी रेडमंड, क्रॉस्बी व ऊव्रिए यांनी २००६ मध्ये सिद्ध केलेला पदस्थिती-निर्देशांक आज विशेष प्रचलित आहे. त्यात सहा लक्षणे तपासून प्रत्येकास –२ ते +२ असे गुण देतात. बेरीज ० ते +५ असल्यास पाय प्राकृत, त्याहून अधिक असल्यास आत कललेला व शून्याखाली गेल्यास बाहेर कललेला समजतात. या साधनाचे गुण निर्विवाद आहेत. ते स्वस्त आहे, त्यास यंत्र लागत नाही आणि एकाच कमानीवर न थांबता ते टाच, घोटा व चवडा यांचा एकत्रित विचार करते. परंतु हे सर्व निरीक्षण मनुष्य दोन्ही पायांवर स्वस्थ उभा असताना करावयाचे असते. या एका मर्यादेचा विसर पडला की पुढील अनुमाने डळमळू लागतात.

याचे कारण पायाच्या रचनेतच आहे. हिक्स यांनी १९५४ मध्ये दाखविले की, टाच उचलून बोटे वर वळली म्हणजे तळव्याखालील चिवट पडदा बोटांच्या मुळाशी गुंडाळला जातो. रहाटावर दोर गुंडाळला की पोहरा वर यावा, त्याप्रमाणे पायाची कमान आपोआप वर येते आणि सैल असलेले पाऊल ताठ होते. अर्थात कमान ही चालण्याच्या प्रत्येक टप्प्यात बदलणारी क्रिया होय. उभ्या स्थितीत सपाट दिसणारा पाय धावताना सपाटच राहील, असे यावरून मुळीच म्हणता येत नाही. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सैन्याच्या वैद्यकीय नियमांत सपाट पाय हा दोष मानला असला, तरी उमेदवार चवड्यांवर उभा राहिल्यावर कमान परत दिसत असेल, पाय लवचिक व वेदनारहित असेल आणि चवड्यांवर धावता येत असेल, तर तो ग्राह्य धरण्याची तरतूद आढळते. व्यवहारातील या नियमाने क्रियेस जे स्थान दिले, ते आपल्या संशोधनाच्या आराखड्यांत अजून मिळालेले नाही.

उपलब्ध पुरावाही रूढ समजास फारसा अनुकूल नाही. हर्टेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एका पायावरील तोल तपासला. त्यात उंच कमानीच्या पायांत दाबबिंदूच्या हालचालीचे क्षेत्र मोठे आढळले. त्या हालचालीच्या वेगात मात्र भेद दिसला नाही. म्हणजे तोलाची दोन मापे घेतली आणि त्यांनी दोन निराळी उत्तरे दिली. कौअन व सहकाऱ्यांनी अमेरिकन पायदळातील २४६ शिकाऊ जवानांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे सर्वांत सपाट पायांच्या पंचमांश जवानांस दुखापतीचा धोका सर्वांत कमी होता आणि उंच कमानीच्या जवानांस तो अधिक होता.

आपल्या परिस्थितीस अधिक जवळचा अभ्यास म्हणजे राव व जोसेफ यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली, दक्षिण भारतातील ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांची पाहणी. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के होते. बंद बुटांच्या मुलांत ते सर्वाधिक व चपला-सँडलवाल्यांत त्याहून कमी होते. या पाहणीचे महत्त्व मोठे आहे. तथापि तिचा आधार उभ्या पावलाचा ठसा हाच आहे, आणि अनवाणी मुले व बूट घालणारी मुले यांत केवळ बुटांचाच फरक असतो, असे मानता येत नाही. खेळ, श्रम, आहार व चालण्याचे अंतर हेही भिन्न असते. त्यामुळे बूट हेच कारण, असा निर्णय एकदाच केलेल्या पाहणीवरून देणे धाडसाचे ठरेल. शिवाय या पाहणीतून तोलाविषयी काहीच सिद्ध होत नाही. पुढील लेखक मात्र तिचा आधार तोलासाठीही घेतात.

कर्तृत्वाच्या बाजूने पाहिल्यास अडचण अधिक स्पष्ट होते. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी सुमारे ६ किलोमीटर अंतर पायी किंवा धावत कापीत. पुढे ते महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळविले आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. या शर्यतीत २८ अडथळे व ७ पाण्याच्या उड्या असतात. म्हणजे त्या वेगाने सरासरी दर चौदा सेकंदांस धावणारा एका पायावर उतरतो, आणि तेही वाढत्या थकव्यात. पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. कुस्तीतील तोल याहून सर्वस्वी वेगळा. तेथे प्रतिस्पर्धी तोल बिघडविण्यासाठीच झटत असतो आणि पवित्रा क्षणोक्षणी बदलावा लागतो. स्वस्थ उभे राहून काढलेला एकच आकडा या दोन्ही कौशल्यांचा निर्देशक कसा होईल?

आणखी एक वर्ग आपल्या नमुन्यांतून बहुधा गळतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडणीस जाणारी स्त्री डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून गाडीत चढते. तोलाचा याहून कठोर कस प्रयोगशाळेत सहसा लागत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरून ठरविलेले ‘प्राकृत’ माप अशा पायांस लावून त्यांस विकृत ठरविणे, हे शास्त्रास शोभणारे नाही.

यावरून पायाच्या ठेवणीचा अभ्यास व्यर्थ आहे, असा अर्थ कोणी घेऊ नये. वेदना असेल, कमान ताठर असेल किंवा दोन पायांत लक्षणीय भेद असेल, तेथे तिचे महत्त्व आहेच. परंतु नव्या अभ्यासकांनी किमान तीन पथ्ये पाळावीत. ठेवण उभ्या स्थितीत मोजावी, तशीच चवड्यांवर व चालतानाही मोजावी. तोलाची कसोटी खेळाच्या किंवा कामाच्या स्वरूपास अनुरूप निवडावी व ती थकव्यानंतरही घ्यावी. बालपणातील पादत्राणे, चालणे व श्रम यांची नोंद मूळ तक्त्यातच करावी. असे झाल्याखेरीज ‘सपाट पाय, म्हणून अपात्र’ हे वाक्य आपल्या प्रबंधांच्या निष्कर्षांत येऊ नये; कारण त्या वाक्याची किंमत अखेर मैदानाच्या कडेला उभा असलेला एखादा तरुण मोजतो.