साधनाकडून साध्याकडे : आधुनिक क्रूझ-जहाजावरील भोजन, सुखसोयी व मनोरंजन यांची सांस्कृतिक चिकित्सा

प्रास्ताविक

सागरी प्रवास हा मराठी समाजाच्या दृष्टीने दीर्घकाळ केवळ स्थलांतराचा विषय नव्हता. समुद्र ओलांडावा की नाही, ओलांडल्यास जहाजावर कोणाच्या हातचे खावे आणि परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे की नाही, या प्रश्नांनी एकोणिसावे शतक व्यापलेले होते. आज त्याच मुंबई बंदरातून मराठी कुटुंबे सुट्टी घालविण्यासाठी क्रूझ-जहाजावर चढतात. तेथे पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, कॅसिनो आणि दिवसभर चालणारी भोजनगृहे असतात. या दोन टोकांमधील अंतर हे प्रगतीचे अंतर आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कोल्हापूरशी संबंधित तीन ऐतिहासिक प्रवासांच्या परिप्रेक्ष्यात आधुनिक जहाजावरील भोजन, सुखसोयी आणि मनोरंजन यांचे मूल्यमापन येथे केले आहे.

कोल्हापूरचे तीन प्रवासी

करवीरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० साली युरोपच्या प्रवासास निघाले. सुएझ कालवा खुला होऊन तेव्हा वर्षही झालेले नव्हते. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची इंग्रजी रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित केली व ती १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. रोजनिशीतील नोंदी थोडक्यात व अलंकारविरहित आहेत. तिचा मोठा भाग भेटलेल्या व्यक्ती, पाहिलेल्या संस्था आणि समारंभ यांनी व्यापलेला आहे. या तरुण राजाच्या दृष्टीने जहाज हे पोहोचण्याचे साधन होते. पाहण्याची वस्तू पलीकडच्या किनाऱ्यावर होती.

डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. हिंदू म्हणूनच जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, हा निर्धार त्यांनी त्यापूर्वीच श्रीरामपूर येथील सभेत जाहीर केला होता. पाश्चात्त्य पद्धतीच्या जहाजावर शाकाहाराचा नियम सांभाळणे म्हणजे अर्धपोटी राहण्याची तयारी ठेवणे होते. १८८६ साली वैद्यकीय पदवी मिळाल्यावर कोल्हापूर संस्थानाने त्यांची नेमणूक अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर केली. ते पद प्रत्यक्ष सांभाळण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले. याच समारंभासाठी जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंह यांनी ‘ऑलिंपिया’ हे संपूर्ण जहाज भाड्याने घेतले आणि चांदीच्या प्रचंड कलशांतून गंगाजल सोबत नेले. शुद्धीच्या कल्पनेपायी एका अख्ख्या जहाजाची मांडणी कशी बदलली जाई, याचे हे ठळक उदाहरण होय. शाहू महाराज मात्र त्याच प्रवासात असताना, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानातील नोकऱ्यांमध्ये मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला. रोममधील प्राचीन क्रीडागार पाहून त्यांना कुस्तीच्या भव्य मैदानाची कल्पना सुचली, असे मानले जाते. १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान हे तिचे मूर्त रूप होय.

या तिन्ही प्रवासांत एक समान सूत्र आढळते. जहाजावरील जीवन गैरसोयीचे किंवा संकोचाचे होते, परंतु प्रवासाचा हेतू जहाजाच्या बाहेर होता. त्या हेतूचे ऋण शेवटी स्वतःच्या गावाला, रुग्णालयाच्या, हुकुमाच्या किंवा मैदानाच्या रूपाने, फेडावयाचे होते. त्यांतील काही ऋणे मृत्यूमुळे अपुरी राहिली, ही गोष्ट वेगळी.

जहाज हेच गंतव्य

सुखविहारासाठी जहाज चालविण्याची कल्पना मुळात आर्थिक निकडीतून पुढे आली. हिवाळ्यात अटलांटिकवरील प्रवासी कमी होत व मोठी जहाजे रिकामी राहत. यावर उपाय म्हणून जर्मन व्यवस्थापक आल्बर्ट बालिन यांनी १८९१ च्या जानेवारीत ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज भूमध्य समुद्राच्या सफरीवर पाठविले. पुढे १९५८ पासून जेट विमानांनी अटलांटिकवरील वाहतूक हिरावून घेतली आणि प्रवासी जहाजांचा मूळ उद्देशच संपुष्टात आला. ज्या साधनाची गरज उरली नव्हती, ते साध्य म्हणून विकण्याचा मार्ग तेवढा शिल्लक राहिला. आजच्या क्रूझ-उद्योगाचे मर्म या स्थित्यंतरात आहे.

जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीस निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे या प्रवृत्तीचे टोक म्हणता येईल. त्याची लांबी सुमारे ३६५ मीटर आहे. वीस मजले, जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि सुमारे २,३५० कर्मचारी असा त्याचा व्याप आहे. त्यावर सात तलाव, सहा जलघसरगुंड्या, बर्फावरील नृत्याचे क्रीडागृह आणि खाण्यापिण्याची वीसहून अधिक ठिकाणे आहेत. भारतात एप्रिल २०१९ मध्ये ‘कर्णिका’ हे जहाज मुंबईहून सुरू झाले; पुढच्याच वर्षी करोनाच्या संकटात ती कंपनी बंद पडली आणि जहाज अलंग येथे भंगारात निघाले. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीने ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून चालविण्यास प्रारंभ केला. १९९० साली बांधलेले हे जहाज पूर्वी परदेशी कंपन्यांकडे होते. जागतिक मापाने ते लहान असले, तरी तलाव, कॅसिनो, नाट्यगृह आणि गिर्यारोहणाची कृत्रिम भिंत ही सामग्री त्यावर आहे.

जहाजाची अंतर्गत रचना लक्षात घेतल्यास एक विसंगती स्पष्ट होते. दुकाने, मद्यालये व रंगमंच यांनी वेढलेला मध्यवर्ती मार्ग आतल्या बाजूस असतो. स्वस्त खोल्यांना तर खिडकीच नसते. समुद्र पाहण्यासाठी निघालेल्या प्रवाशाची पाठ बराच वेळ समुद्राकडेच असते. बंदरातील मुक्काम काही तासांचा असतो. त्या तासांत गाव पाहणे शक्य होते, गाव कळणे शक्य होत नाही.

भोजन : पंगत, मेज आणि बुफे

क्रूझ-जहाजाच्या बाजूने एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे. १८८८ साली विलायतेस निघालेले मोहनदास गांधी काट्याचमच्यांच्या संकोचामुळे व पदार्थांत मांस असेल या भीतीने सोबतचा खाऊ खोलीतच खात असत, हे त्यांच्या आत्मकथेवरून ज्ञात आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधील चहाच्या निमित्ताने लोकमान्य टिळकांसारख्या व्यक्तींवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. आजच्या प्रवाशाला यांपैकी काहीही सोसावे लागत नाही. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर शाकाहारी व जैन जेवण सहज मिळते आणि शेजारच्या मेजावरील माणसाची जात विचारली जात नाही. वयोवृद्ध, अपंग किंवा वर्षभर स्वयंपाकघरात अडकलेल्या गृहिणीसाठी चार दिवस आयते ताट मिळणे हे लहान सुख नव्हे. या सुखाची हेटाळणी करणारी टीका अन्यायकारक ठरेल.

तथापि जातीचा प्रश्न मिटला म्हणजे पंक्तिभेद मिटला, असे होत नाही. मोठ्या जहाजांवर तिकिटात अंतर्भूत असलेले भोजनगृह वेगळे, जादा पैसे मोजून जावयाची भोजनगृहे वेगळी आणि सर्वांत महागड्या दालनांतील प्रवाशांसाठी राखीव भोजनगृह आणखी वेगळे असते. मोठ्या कंपन्यांच्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे एकतृतीयांश वाटा तिकिटाबाहेरील, म्हणजे मद्य, कॅसिनो, खरेदी, किनाऱ्यावरील सहली इत्यादींच्या विक्रीतून येतो. ‘सर्व काही समाविष्ट’ या शब्दांमागील हे अर्थकारण आहे. जुन्या पंगतीत भेद जन्माने ठरत असे. येथे तो पैशाने ठरतो. दुसरा भेद पहिल्याहून सौम्य आहे, यात शंका नाही. परंतु तो भेद म्हणून ओळखूच येत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

या संदर्भात कोल्हापूरचेच एक उदाहरण निकषासारखे वापरता येते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन शाहू महाराज चहा घेत असत. त्या चहात पदार्थाची निवड नव्हती, सजावटही नव्हती. चहा करणाऱ्याचे नाव मात्र सर्वांना ठाऊक होते आणि पिणाऱ्याने त्याच्याशी नाते मान्य केले होते. बुफेवर शेकडो पदार्थ असतात. त्यांतील एकाच्याही कर्त्याचे नाव खाणाऱ्यास ठाऊक नसते.

सेवेमागील माणसे

हे कर्ते बऱ्याचदा याच किनाऱ्यावरचे असतात. ब्रिटिश काळातील पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर भोजनगृहातील वाढपी व आचारी म्हणून गोव्याचे लोक मोठ्या संख्येने होते. गोव्यात अशा दर्यावर्दीला ‘तारवटी’ म्हणतात. आजही क्रूझ-जहाजांवरील नोकरी हा गोवा व कोकणातील अनेक कुटुंबांचा आधार आहे. २००६ चा सागरी श्रम करार २०१३ पासून अमलात आला व भारताने २०१५ साली त्यास मान्यता दिली. त्यानुसार कामाच्या तासांची मर्यादा ठरविली गेली. ती मर्यादाही चोवीस तासांत चौदा व आठवड्यात बहात्तर तास इतकी सैल असू शकते. जहाजाची नोंदणी बहुधा बहामा किंवा पनामा यांसारख्या देशांत असल्याने किनाऱ्यावरील कामगार-कायदे तेथे पोहोचत नाहीत.

२०२० च्या करोनाकाळात प्रवासी उतरले, परंतु कर्मचारी महिनोन्महिने जहाजांवर अडकून पडले. एप्रिल २०२० मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ या जहाजावरील भारतीय कर्मचाऱ्यांना बऱ्याच प्रतीक्षेनंतर मुंबईत उतरता आले. एरवी हसतमुख सेवेआड झाकलेली माणसे त्या काळात वृत्तपत्रांतून प्रथमच ठळकपणे दिसली. सुखसोयींचे कोणतेही मूल्यमापन या माणसांना वगळून पूर्ण होऊ शकत नाही.

मनोरंजन : आखाडा आणि रंगमंच

खासबाग मैदानाची रचना खोलगट आहे. आखाडा मध्यभागी असून हजारो प्रेक्षकांना कुस्ती कोठूनही दिसावी, हा तिच्यामागील विचार आहे. तेथे प्रेक्षक जाणकार असतो. डाव ओळखतो, दाद देतो आणि चुकीच्या निकालावर ओरडतोही. मैदानालगतचे पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत भस्मसात झाले, तेव्हा शहराने ते स्वतःचे दुःख मानले. मनोरंजनाची वास्तू समाजाची होते ती अशी.

जहाजावरील रंगमंचही तांत्रिकदृष्ट्या सफाईदार असतो. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर हिंदी चित्रपटसंगीताचे कार्यक्रम असतात व प्रेक्षक त्यांना मनापासून दाद देतात. परंतु प्रेक्षकवर्ग दर दोन-चार दिवसांनी बदलतो. त्यामुळे कोणताही जाणकार समूह तेथे घडत नाही आणि कलावंताला आपली कला त्याच प्रेक्षकांपुढे वाढवीत नेण्याची संधीही मिळत नाही. कार्यक्रम कोणालाही न खुपणारा ठेवणे ही मग व्यावसायिक गरज ठरते. किनाऱ्यावरच्या बंदराची बोली, गाणे किंवा वाद यांचा त्यात शिरकाव होत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून क्रूझ-जहाज त्याज्य आहे, असा निष्कर्ष निघत नाही. भीती, प्रायश्चित्त आणि अर्धपोटी प्रवास यांतून मराठी माणूस मुक्त झाला, याचे मोल मोठे आहे आणि विश्रांतीसाठी केलेल्या प्रवासाकडून समाजसुधारणेची अपेक्षा करणेही उचित नव्हे. मात्र जहाजावरील सोयींची यादी हाच प्रवासाचा वृत्तांत ठरू लागला आहे, हे चिंताजनक आहे. राजाराम महाराजांच्या साध्या नोंदींमध्ये माणसे व संस्था आहेत. आजच्या वर्णनांत बहुतांशी मजले, पदार्थ आणि छायाचित्रे असतात. पाहणाऱ्याची जागा उपभोगणाऱ्याने घेतल्याचे हे लक्षण होय.

कोणत्याही प्रवासाची कसोटी सोपी आहे. अन्न शिजविणाऱ्याशी, किनाऱ्यावरील गावाशी आणि परतल्यावर स्वतःच्या गावाशी प्रवाशाचे नाते काही प्रमाणात बदलले काय, एवढाच प्रश्न विचारावयाचा असतो. १९०२ च्या प्रवासाचे उत्तर कोल्हापुरात आजही मातीच्या आखाड्याच्या रूपाने उभे आहे. वीस मजली जहाजाला असे उत्तर देता येणे अशक्य नाही. त्यासाठी प्रवाशाने वाढप्याचे नाव विचारावे आणि बंदरातील चार तासांत एखादे दुकान सोडून एखादी गल्ली पाहावी, इतके तरी घडले पाहिजे.