अर्धी चौकट, पूर्ण ऊन : जुन्या हाफ-फ्रेम कॅमेऱ्यांवरचे खानदेशी रोल पाहताना

जळगाव आणि धुळ्याच्या काही तरुण मंडळींनी जुन्या हाफ-फ्रेम कॅमेऱ्यांवर काढलेले रोल मला पाहायला दिले. आज मी त्या फोटोंबद्दल बोलणार आहे. कोणता कॅमेरा घ्यावा, कुठे स्वस्त मिळतो, हे विचारायला आला असाल तर चहाच्या वेळी बोलू.

पण यंत्राबद्दल दोन मिनिटं बोलावंच लागेल. आपल्या नेहमीच्या पस्तीस मिलीमीटर फिल्मवर एक फोटो २४ बाय ३६ मिलीमीटरचा येतो. हाफ-फ्रेममध्ये तो १८ बाय २४ चा. म्हणजे ३६ च्या रोलवर ७२ फोटो. १९५९ मध्ये योशिहिसा मैतानी यांनी रचलेला ऑलिंपस पेन बाजारात आला आणि हा प्रकार घरोघरी पोचला. आता गंमत बघा, ‘अर्धी’ हा शब्दच फसवा आहे. १८ बाय २४ ही मूळची सिनेमाची पूर्ण चौकट. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तो याच मापावर. पुढे लायका कॅमेऱ्याने ती दुप्पट केली, आणि त्या दुप्पटीला आपण ‘पूर्ण’ म्हणू लागलो. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म वरून खाली सरकते, म्हणून चौकट आडवी. आपल्या कॅमेऱ्यात ती आडवी सरकते, म्हणून चौकट उभी. डोळ्याला लावल्याबरोबर जग उभं दिसतं.

आणि खानदेश तर आडवा आहे! उत्तरेला सातपुड्याची लांबलचक रेघ, खाली तापीचं खोरं, रावेर-यावलकडे मैलोन्‌मैल केळी. माझ्याकडे आलेल्या रोलांमध्ये ही जमीन जवळजवळ नाहीच. गल्ली आहे, दार आहे, उभा माणूस आहे, मेहरूण तलावावर पाठमोरी मैत्रीण आहे. कॅमेरा फिरवून धरायला कुणाची मनाई नव्हती. पण यंत्राने उभं दाखवलं, आपण उभं पाहिलं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. यातले बरेचसे रोल पेन ईई जातीच्या कॅमेऱ्यांवरचे आहेत. भिंगाभोवती सेलेनियमची जाळी, बॅटरी नाही, सगळं आपोआप. उजेड कमी पडला की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल झेंडी वर येते आणि बटण दाबलंच जात नाही. (सेलेनियम म्हातारं झालं असेल तर भर दुपारीही झेंडी येते, तो भाग वेगळा.) आता आपलं धाब्याचं घर आठवा. जाड भिंती, लहान खिडक्या, आत अंधार आणि गारवा. उन्हाळ्यात माणूस दुपारभर आत असतो. म्हणजे ज्या वेळी खानदेश घरात असतो, त्या वेळी हा कॅमेरा रस्त्यावर असतो. रोलांमध्ये बायका कुठे दिसतात? बाजारात, ओट्यावर, बसस्टँडवर. चुलीपाशी एकही नाही. जणू काही त्या स्वयंपाक करतच नाहीत.

यावर ‘कॅमेऱ्याची मर्यादा’ असं उत्तर मिळतं. मला ते पुरेसं वाटत नाही. धुळ्याच्या एका मुलीने यंत्रमागाच्या खोलीत काय केलं ते पडद्यावर बघा. तिने ‘ऑटो’ सोडून अ‍ॅपर्चर हाताने ३.५ वर ठेवलं. तसं केलं की शटर सेकंदाच्या चाळिसाव्या भागावर राहतं आणि झेंडी आड येत नाही. निगेटिव्ह पातळ आली, धागे हलून पांढरा धूर झाले, कारागिराचा चेहरा जेमतेम उमटला. पण उमटला! शेजारची चौकट त्याच खोलीच्या दाराबाहेरची, खिळ्याला अडकवलेला त्याचा बाहेर जायचा शर्ट, कडक उन्हात. हे दोन फोटो वेगवेगळे पाहिले तर साधे आहेत. शेजारी ठेवले की त्या माणसाचा दिवस दिसतो.

आणि इथेच मला जोड्यांचा मुद्दा काढायचा आहे. आजकाल हाफ-फ्रेमचे दोन फोटो एकत्र स्कॅन करून टाकायची पद्धत पडली आहे. डावीकडे सूर्यास्त, उजवीकडे चहाचा ग्लास. दोन्ही छान, दोन्ही केशरी. मी एकाला विचारलं, ही जोडी तू लावलीस का? तो म्हणाला, नाही सर, लॅबमधून तशीच आली. म्हणजे स्कॅनरच्या खिडकीत पहिला-दुसरा आला की दुसरा-तिसरा, यावर अर्थ ठरला. एक घर सरकलं असतं तर सूर्यास्ताशेजारी चप्पल आली असती, आणि त्यालाही तितकीच वाहवा मिळाली असती. याला मी रचना म्हणणार नाही.

याउलट जळगावच्या एका रोलमधली भरीत पार्टीची जोडी. पहिल्या चौकटीत वांगी दिसतच नाहीत. कापसाच्या काड्यांचा जाळ आणि धुरामुळे तोंड फिरवलेला म्हातारा. दुसरीत बडगीत भरीत ठेचणारे दोन हात, चेहरा नाही. धूर चुकवणारा आणि ठेचणारा एकच की दोघं? कळत नाही, म्हणून पुन्हा पाहावं लागतं. ही जोडी दुसऱ्यांदा बटण दाबण्याआधी डोक्यात तयार होती.

‘बहात्तर आहेत, काढत राहू’ या वृत्तीबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे आग्फा क्लिक थ्रीच्या रोलवर बारा फोटो यायचे, लग्नात ते पुरवून पुरवून वापरायचे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) तर टेबलावर घरातल्याच वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून अख्खं दृश्य उभं करत, आणि मग एक फोटो. त्यांच्या दाराची आणि रेल्वेगाडीची दंतकथा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्यांचे टेबल-टॉप फोटो किती जणांनी पाच मिनिटं नीट पाहिलेत? मूस यांची चौकट स्वतःत पूर्ण असते, तिला शेजार लागत नाही. हाफ-फ्रेमवाल्याने त्यांची नक्कल करू नये. पण कशासाठी थांबायचं, हे त्यांच्याकडून शिकता येतं.

दाण्यांबद्दल एक तक्रार. चौकट निम्मी, म्हणजे तेवढ्याच प्रिंटसाठी फिल्म जास्त वाढवावी लागते आणि दाणा मोठा दिसतो. त्यात आपला उन्हाळा. डेव्हलपर सहसा २० अंशांचा हिशेब धरतो, मे महिन्यात नळाचं पाणीच त्याच्या कितीतरी वर. त्याच वेळेने धुतलं तर निगेटिव्ह काळीठिक्कर, आणि गरम-गार पाण्याचे झटके बसले तर फिल्मच्या थराला सुरकुत्या. मग त्याला ‘जुना लूक’ म्हणायचं? माठातलं पाणी घ्या, टबात बर्फाची पिशवी सोडा, थर्मामीटर ठेवा. दाणा हवा असेल तर ठरवून आणा.

पुढच्या वेळी येताना निवडलेले सहा फोटो आणू नका. रोल न कापता त्याची सलग प्रत काढून आणा, फसलेल्या चौकटींसकट. आणि त्यातल्या निदान दहा घराच्या आतल्या असू द्या. झेंडी वर आली तरी.