क्लामाँसचं क्रियापद

आल्बेर काम्यूच्या 'ला श्यूत' (१९५६) या कादंबरीच्या पहिल्या काही पानांतच एक माणूस एका क्रियापदाला अडखळतो. जागा अॅम्स्टरडॅममधला 'मेक्सिको-सिटी' नावाचा बार. बोलणारा झाँ-बातिस्त क्लामाँस, एकेकाळचा पॅरिसमधला नामांकित वकील. ऐकणाऱ्याचं एकही वाक्य पुस्तकात छापलेलं नाही. तो काय म्हणाला, कुठे हसला, हे क्लामाँसच्या उत्तरांवरून ओळखायचं. फ्रान्समधल्या दिवसांविषयी बोलताना क्लामाँस 'करणे' या अर्थाच्या क्रियापदाचं एक रूप वापरतो. समोरचा दचकतो, क्लामाँसच्या ते लक्षात येतं, आणि या रूपाची व एकूणच डौलदार भाषेची आपल्याला हौस आहे हे तो कबूल करून टाकतो.

ते रूप आहे 'फीस'. हिंदीभाषक वाचकांना शाळेची फी आठवेल, त्याला इलाज नाही. फ्रेंच व्याकरणात या रूपाला 'अपूर्ण भूतकाळाचा सब्जंक्टिव्ह' म्हणतात, आणि फ्रेंच शिकणाऱ्या बहुतेकांना शिक्षक 'हे फक्त ओळखता आलं तरी पुरे' असं सांगून ते पान उलटतात. खरं तर ते बनवणं सोपं आहे. साध्या भूतकाळाचं 'तू'चं रूप घ्यायचं आणि पुढे प्रत्यय जोडायचे. सगळ्या क्रियापदांना हाच नियम. साध्या भूतकाळाची रूपं पाठ असली की याला वेगळा अपवाद पाठ करावा लागत नाही. इतकं नियमित रूप बोलण्यातून का गेलं? एक कारण असं, की साधा भूतकाळच आधी बोलण्यातून गेला आणि त्याच्या आधारावर उभं असलेलं हे रूपही त्याच्यामागून गेलं. दुसरं कारण कानाचं. 'प्रेम करणे'चं 'एमास', 'शकणे'चं 'प्यूस'. आता 'प्यूस' म्हणजे पिसूही. आणि '-आसे' हा प्रत्यय फ्रेंचमध्ये हेटाळणीचा आहे. 'रेव्हे' म्हणजे स्वप्न पाहणं, 'रेव्हासे' म्हणजे नुसतं तंद्रीत वेळ घालवणं. अशा भाषेत 'तुम्ही प्रेम करावं' हे 'एमास्ये' असं म्हणणाऱ्याला कोण गंभीरपणे घेईल? आल्फाँस आले या विनोदी लेखकाच्या नावावर तर एक अख्खी प्रेमकविता आहे, जिची सगळी गंमत या रूपांच्या रांगेवर चालते.

सरकारनेही हार मानली. १९०१ च्या फर्मानाने मुख्य क्रियापद संकेतार्थी असेल तेव्हा या रूपाऐवजी वर्तमानाचा सब्जंक्टिव्ह चालेल असं परीक्षकांना सांगितलं. १९७६ मध्ये ती सवलत मुख्य क्रियापद भूतकाळी असलेल्या वाक्यांनाही मिळाली. लेखनात आज जे उरलं आहे ते मुख्यतः तृतीय पुरुषी एकवचन, आणि तेही जिवंत राहिलं कारण ते ऐकू येत नाही. 'त्याने केलं' हे 'फी', आणि 'त्याने करावं' याचं हे जुनं रूपही 'फी'. फरक फक्त कागदावर, स्वराच्या डोक्यावरच्या टोपीचा. ती टोपी म्हणजे तिथे पूर्वी असलेल्या 'स'ची खूण. फ्रेंच अकादमीच्या १७४० च्या कोशाने असे पुष्कळ मुके 'स' काढून त्यांच्या जागी टोप्या चढवल्या. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. १९६२ च्या लेखननियमांपर्यंत आपणही 'त्यानें केलें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार इमानाने देत होतो.

म्हणून काम्यूची निवड मला फार नेमकी वाटते. त्याने क्लामाँसच्या तोंडी तृतीय पुरुष दिला असता तर ऐकणारा दचकलाच नसता, त्याला काही कळलंच नसतं. प्रथम पुरुषी 'फीस' मात्र लपत नाही. शेवटचा 'स' दातांतून फुसफुसतो. शिवाय तो 'मी'ला चिकटलेला आहे, आणि ही कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका 'मी'चा आत्मगौरव आणि त्या आत्मगौरवाची चिरफाड आहे. चौदा वर्षांपूर्वी 'लेत्रांजे'मध्ये याच लेखकाने बोलीतला भूतकाळ वापरून एक कोरडा, सपाट 'मी' उभा केला होता. तो लेखक इथे 'फीस' म्हणतो तेव्हा ते सवयीने म्हणत नसणार.

पुढे थोड्याच अंतरावर क्लामाँस यावरून एक अनुमान काढतो, आणि अनुवादकाची खरी परीक्षा तिथे आहे. ऐकणारा सुसंस्कृत आहे हे दोनदा सिद्ध झालं असं तो म्हणतो. एकदा, त्याने ते रूप ओळखलं म्हणून. दुसऱ्यांदा, ओळखून ते त्याला खुपलं म्हणून. म्हणजे मराठीतही असं काही हवं जे ओळखू येईल आणि मग खुपेल. नुसतं ओळखू येऊन भागत नाही, नुसतं खुपूनही भागत नाही.

जस्टिन ओब्रायन यांच्या १९५७ च्या इंग्रजी अनुवादात यावर तोडगा म्हणून मूळात नसलेलं एक अर्धं वाक्य घातलं आहे, ज्यात इंग्रजीतला जुना सब्जंक्टिव्ह येतो. ते तोडून क्लामाँस समोरच्याच्या हसण्याकडे वळतो. धाडसी आहे, आणि प्रसंग वाचतो. पण मला त्यात कारागिराची शिवण दिसते. काम्यूच्या वाक्यात ते रूप सहज येतं आणि दचकणं नंतर होतं. ओब्रायन यांच्याकडे ते रूप दचकवण्यासाठीच आणलेलं आहे. दिखाऊपणाचा दोष क्लामाँसचा असायला हवा होता, तो थोडासा अनुवादकाकडे गेला.

मी सध्या ही कादंबरी मराठीत आणते आहे. अर्थाच्या पातळीवर मराठीला इथे काहीच अडचण नाही. 'त्याने यावं असं वाटतं' आणि 'त्याने यावं असं वाटलं', दोन्हीकडे 'यावं'च. आजचं बोलतं फ्रेंच जे करतं तेच मराठीचा विध्यर्थ मुळातच करतो. सगळा अर्थ पलीकडे पोचतो आणि प्रसंग मात्र अलीकडेच राहतो, कारण आपल्या 'यावं'ला कोणी दचकत नाही.

पहिला मोह रीतिभूतकाळाचा होतो. 'मी जाई', 'तो म्हणे'. साम्य चकित करणारं आहे. बोलण्यात 'जायचो', 'म्हणायचा' यांनी याची जागा घेतली, लेखनात तो उरला, आणि तिथेही जास्त करून तृतीय पुरुषात. 'आम्ही बसू' म्हटलं तर भविष्यकाळ वाटतो, 'तुम्ही बसा' म्हटलं तर समोरचा खरोखरच बसेल. फ्रेंच पिसवेसारखीच ही गल्लत. पण ओळखीची अट पार करूनही हे रूप दुसऱ्या अटीला पडतं. ते खुपत नाही. उलट आपण त्याला विरघळतो. त्याला आठवणींच्या पुस्तकांचा, आजोळच्या ओसरीचा वास आहे. क्लामाँसला ही माया देऊन चालणार नाही.

दुसरी वाट संस्कृतप्रचुर शब्दांची. ती खुपते, यात शंका नाही. पण क्लामाँसचा डौल शब्दांत नाही, रूपात आहे. त्याचे शब्द साधे असतात. शिवाय मराठीत 'शुद्ध' भाषा म्हटलं की जातीचा विषय निघतोच. 'न'ला 'ण' आणि 'ण'ला 'न' म्हणणाऱ्याला वर्गात हसलेलं ज्याने ऐकलं आहे, तो संस्कृतप्रचुर क्लामाँसकडे पॅरिसचा वकील म्हणून पाहणारच नाही. तो त्याला सरळ एका शहरात, एका पेठेत नेऊन बसवेल. हा धोका पूर्ण टाळावा असं मला वाटत नाही. कादंबरीचा विषयच असा माणूस आहे, जो आपल्या सभ्यतेला आपला गुण समजत आला. पण वाचक दचकण्याचं कारण बदललं तर पुढचं अनुमान कोसळतं.

बंगाली अनुवादकाचा इथे मला हेवा वाटतो. त्यांच्याकडे साधुभाषेच्या क्रियारूपांचा पूर्ण संच आहे. 'करेछि'च्या जागी 'करियाछि' म्हटलं की काम झालं. प्रमथ चौधुरींच्या 'सबुज पत्र'ने १९१४ पासून चलित भाषेची बाजू लावून धरली, आणि साधुरूपं हळूहळू मागे पडली, तरी शिकलेल्या बंगाली माणसाला ती ओळखू येतात. फार तर एवढीच अडचण, की तिथे एक रूप बदललं की सगळीच बदलावी लागतात, आणि क्लामाँसचं एकच क्रियापद उठून दिसायला हवं आहे.

शेवटी मी 'करता झालो'पाशी थांबले आहे. 'बोलता झाला', 'उत्तर देते झाले': पोथीतली, कथेकऱ्याची, संस्कृतावरून उतरवलेल्या गद्याची ही रचना. आज ती विनोदी लेखनात आणि भाषणबाजीत भेटते. ती शब्दसंग्रहाची नाही, क्रियापदाची आहे. कानाला ऐकू येते. प्रथम पुरुषात ती आणखी विचित्र होते, कारण स्वतःविषयी असं कोण बोलतं? पुराणातला राजा 'बोलता झाला' तर ठीक, बारमध्ये बसलेला वकील 'करता झालो' म्हणाला की ऐकणाऱ्याची भुवई वर जाणारच. यात फ्रेंच रूपापेक्षा विनोद जास्त आहे आणि चिकणेपणा कमी, हे मान्य. पण दोन्ही अटी त्यात बसतात आणि मूळात नसलेलं अर्धं वाक्य घालावं लागत नाही.

क्लामाँस त्या कबुलीनंतर शैलीची तुलना पॉपलिनच्या कापडाशी करतो. कापड उंची असलं तरी खालची कातडी इसबाने चिरलेली असू शकते, असा त्याचा रोख. (ओब्रायन यांनी पॉपलिनचं तलम रेशीम केलं. मला पॉपलिनच हवं. आपल्याकडच्या शर्टांमुळे ते माहितीचं आहे, आणि त्यात इस्त्रीची टापटीप आहे.) हे वाक्य लिहिणाऱ्याची आई निरक्षर होती. अल्जीयर्सच्या बेलकूर वस्तीतल्या त्या घरात 'फीस' कोणी म्हणत नसणार. ते शाळेतून आलं. नोबेलचं भाषण काम्यूने ज्यांना अर्पण केलं ते लुई जेर्मां त्याचे प्राथमिक शाळेतले शिक्षक होते. क्लामाँसमध्ये पॅरिसच्या डाव्या विचारवंतांची थट्टा आहे असं म्हणतात, १९५२ मधलं सार्त्रशी झालेलं भांडण पाहता ते खरंही असेल. पण या क्रियापदापाशी मला दुसराच माणूस दिसतो: उत्तम इस्त्रीचा शर्ट घालायला शिकलेला, आणि तो शर्ट आपला आहे की नाही याची खात्री नसलेला. प्रमाणभाषा शाळेत कमावलेल्या मराठी वाचकाला तो लगेच ओळखू येईल.

एक जागा मात्र कोणत्याही युक्तीशिवाय मराठीत येते. कादंबरीच्या मध्यावर कळतं की पाँ रॉयाल पुलावरून एक तरुणी नदीत पडली, क्लामाँसने तिचा आवाज ऐकला आणि तो हलला नाही. अगदी शेवटी तो त्या मुलीला मनातल्या मनात पुन्हा हाक मारतो, स्वतःला आणखी एक संधी मिळावी म्हणून. तिथेही सब्जंक्टिव्ह आहे, पण साधा, वर्तमानाचा. मुख्य क्रियापद आज्ञार्थी असल्यामुळे व्याकरण तिथे डौलाला जागाच देत नाही. पहिल्या पानांवरचा 'करता झालो' माझ्या मसुद्यात आजवर पाचदा बदलला आहे. हा 'मिळावी' पहिल्या दिवशी लिहिला तसाच आहे.