संग्रहालयाची हवा : आंकडे आणि कारणें

गॅरी थॉमसन यांचा 'द म्यूझियम एन्व्हायरन्मेंट' हा ग्रंथ १९७८ सालीं प्रसिद्ध झाला व १९८६ सालीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली. लंडनच्या नॅशनल गॅलरीचे शास्त्रीय सल्लागार या नात्यानें ग्रंथकारांचा अधिकार निर्विवाद होता, आणि संग्रहालयांत काम करणारांनीं हा ग्रंथ प्रमाण मानला. परंतु प्रमाण मानलेला ग्रंथ नीट वाचला जातोच असें नाहीं. या ग्रंथाच्या वांट्याला नेमकें हेंच दुर्दैव आलें, असें आमचें मत आहे.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. प्रकाश, आर्द्रता व दूषित हवा यांचा विचार पहिल्या भागांत संग्रहपालांसाठीं सुबोध रीतीनें केला असून, दुसऱ्यांत तेच विषय अधिक खोलांत जाऊन मांडले आहेत. पैकीं आर्द्रतेचें विवेचन सर्वांत महत्त्वाचें. लांकूड दमट हवेंत फुगतें व कोरड्या हवेंत आकसतें. पावसाळ्यांत घट्ट बसणारें दार हा घरोघरचा अनुभव आहे. लांकडी फळीवरील चित्रांत फळी हलते, पण वरचा रंगाचा थर तितका हलत नाहीं. म्हणून रंगाचे पोपडे सुटतात. नॅशनल गॅलरीला हा धडा महायुद्धानें दिला. १९४१ सालीं तिचीं चित्रें वेल्समधील मॅनॉडच्या खाणींत हलविलीं. तेथें हवा वर्षभर स्थिर राखली होती, आणि चित्रें उत्तम टिकलीं. १९४५ सालीं तीं लंडनला परतल्यावर मात्र पोपडे पुन्हा सुटूं लागले.

स्थिरतेचें हें महत्त्व ग्रंथकारांनीं आंकड्यांत बांधलें. प्रथम श्रेणीच्या संग्रहालयांत आर्द्रता शेकडा ५० किंवा ५५ असावी, चढउतार पांचाहून अधिक नसावा. दुसऱ्या श्रेणींत ४० ते ७० पर्यंत चालेल. हे आंकडे जगभर गेले. त्यांचीं कारणें ग्रंथांतच राहिलीं. पांचाची मर्यादा ही वस्तूंना होणाऱ्या इजेच्या सखोल ज्ञानापेक्षां, यंत्रांकडून काय अपेक्षितां येईल यावरून ठरली आहे, हें थॉमसन प्रांजळपणें सांगतात. उष्ण व दमट प्रदेशांतील संमिश्र संग्रहांस शेकडा ६५ चालेल, मात्र हवा खेळती हवी, असेंही ते म्हणतात. मुंबईसारख्या शहराच्या दृष्टीनें हें वाक्य त्या कोष्टकाहून मोलाचें आहे.

दोष केवळ वाचकांचा नाहीं. 'प्रथम' व 'द्वितीय' हीं नांवें देण्यांत ग्रंथकार चुकले. आपलें संग्रहालय दुसऱ्या श्रेणीचें आहे असें कोणता संचालक आपण होऊन म्हणेल? वस्तूच्या गरजेचा प्रश्न अशा रीतीनें प्रतिष्ठेचा झाला. आणि या प्रतिष्ठेची किंमत जबर असते. हवेंतील पाणी काढण्यासाठीं ती आधीं फार थंड करावी लागते व मग पुन्हा तापवावी लागते. म्हणजे विजेचा खर्च दुहेरी. मर्यादा जितकी अरुंद, तितका तो अधिक. खर्च झेपेनासा होऊन यंत्रें रात्रीं बंद ठेवलीं, तर ज्या चढउतारापासून वस्तु वांचवायच्या तोच त्यांच्यावर रोज ओढवतो.

पुढें मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या बिझो मंडळानें आर्द्रता शेकडा ४० ते ६० व उष्णमान १६ ते २५ अंश असा सैल पल्ला स्वीकारला. मार्गदर्शक नियम स्थानिक हवामानांत पाळतां येण्याजोगे असावेत, असें २०१४ सालीं संरक्षकांच्या दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनीं जाहीर केलें. हें स्वागतार्ह आहे. तथापि नव्या पल्ल्यालाही मंत्राचें स्वरूप येण्याचें भय आहेच. थॉमसन यांच्या ६५ ला त्यांतही जागा नाहीं. उलट, सैलपणाची सबब करून क्षार भिनलेलें कांसें दमट दालनांत ठेवणें हाही अपराधच होय.

बंदिस्त पेटींत ओलावा शोषून घेणारा व सोडणारा पदार्थ ठेवून यंत्रावांचून आर्द्रता स्थिर राखतां येते, हें ग्रंथांतील विवेचन आज पुन्हा वाचण्यासारखें आहे. रुमालांत बांधलेल्या पोथ्या लांकडी पेटींत ठेवण्याची आपली रीत याच तत्त्वावर चालते. यंत्र विकत घेण्यापूर्वीं, कोणती वस्तु, कोणत्या भिंतींआड, आजवर कोणती हवा सोसून टिकली, हें संग्रहपालांनीं पाहावें. तें कसें पाहावें हें या ग्रंथांत आहे. परंतु त्यासाठीं तो कोष्टकापाशीं न उघडतां पहिल्या पानापासून वाचला पाहिजे.